श्रेयांकांची खतावणी आणि पदवीचा ताळेबंद

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेलपाडा येथे झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



सम्यक् ज्ञानाला जैन धर्माने मोक्षमार्गाच्या तीन रत्नांत स्थान दिले आहे. कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी म्हणून आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी म्हणून ग्रंथांचे पूजन करण्याची परंपरा समाजाच्या दोन्ही आम्नायांत श्रद्धेने पाळली जाते. ज्ञानासाठी दान देण्यातही हा समाज कधी मागे राहिलेला नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली आणि त्याचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकीच. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, सुरतेच्या जैन कुटुंबात जन्मलेले शेठ प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि पुढे घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्याला त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव आहे. राजाबाई दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नियम या घड्याळाच्या टोल्यांमुळे सुकर होत असे, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

ज्या समाजाच्या दानातून विद्यापीठाचा मनोरा उभा राहिला, त्या समाजाच्या किती घरांत विद्यापीठाची पदवी पूर्ण होऊन पोहोचते, हा प्रश्न मात्र सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगीही टाळता येण्यासारखा नाही. व्यापारी कुटुंबांतील चित्र परिचयाचे आहे. मुलगा दुसऱ्या वर्षात असताना वडिलांची प्रकृती बिघडते आणि तो दुकानाच्या गादीवर बसतो. मुलीचा विवाह पाचव्या सत्राच्या सुमारास ठरतो आणि सहावे सत्र राहून जाते. एखाद्याचे दोन विषय राहतात आणि ‘पुढे बघू’ म्हणता म्हणता पाच वर्षे लोटतात. शिकलेले वाया जात नाही हे खरे. पण कागदावर मात्र तो केवळ बारावी उत्तीर्ण उरतो. ही हानी बहुधा बुद्धीच्या अभावाने होत नाही. ती नियमांच्या अज्ञानाने होते. म्हणूनच पदवीचे नियम, श्रेयांकांची मोजणी आणि पदवी हाती येईपर्यंतची कार्यपद्धती घराघरांत समजली पाहिजे.

पूर्वीची पद्धत उपस्थित ज्येष्ठांना आठवत असेल. बी. कॉम.च्या तीन वर्षांत दर वर्षाअखेर एक परीक्षा असे, आणि वर्ग ठरे तो तिसऱ्या वर्षाच्या गुणांवर. मधेच शिक्षण सुटले तर आधीच्या वर्षांचे मोल बाजारात शून्य. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांकाधारित सत्र व श्रेणी पद्धत स्वीकारली आणि २०१६-१७ पासून तिला निवडीवर आधारित पद्धतीचे रूप दिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसारची नवी रचना महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. बेलपाडा पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात असल्याने येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्याच कक्षेत येतात. महाविद्यालय स्वायत्त असेल तर परीक्षा ते स्वतः घेते, पण पदवी विद्यापीठाचीच मिळते, एवढा भेद पालकांनी लक्षात ठेवावा.

श्रेयांक म्हणजे गुण नव्हेत. गुण सांगतात की विद्यार्थी किती चांगले शिकला. श्रेयांक सांगतो की तो किती शिकला. कापडाच्या भाषेत बोलायचे तर श्रेयांक हा मीटर आहे आणि श्रेणी हा पोत. साधारण पंधरा आठवड्यांच्या सत्रात व्याख्यानाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, आणि प्रात्यक्षिक किंवा प्रत्यक्ष कामाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक, असे हे माप आहे. अभ्यासाचे मोजमाप तासांत करण्याची ही कल्पना अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. युरोपात १९८९ पासून देशादेशांतील विद्यार्थ्यांची ये-जा सुकर व्हावी म्हणून तिचा सामायिक आराखडा तयार झाला. भारतातही हेतू तोच आहे: एका ठिकाणी केलेला अभ्यास दुसऱ्या ठिकाणी मोजला जावा.

आता श्रेणीचा हिशेब. मुंबई विद्यापीठाच्या दहा अंकी पद्धतीत सर्वोच्च ‘ओ’ श्रेणीस १० गुणांक, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५, त्याखालील उत्तीर्ण श्रेणीस ४ आणि अनुत्तीर्णास शून्य असा क्रम आहे. समजा, एका विद्यार्थ्याला ४ श्रेयांकांच्या विषयात ‘ए’, ४ श्रेयांकांच्या दुसऱ्या विषयात ‘बी’ आणि २ श्रेयांकांच्या तिसऱ्या विषयात ‘ओ’ श्रेणी मिळाली. चार गुणिले आठ बत्तीस, चार गुणिले सहा चोवीस, दोन गुणिले दहा वीस, बेरीज शहात्तर. तिला एकूण दहा श्रेयांकांनी भागले की ७.६ ही त्याची सरासरी. यावरून दोन गोष्टी उघड होतात. जास्त श्रेयांकांच्या विषयात एक पायरी घसरली तर तोटा अधिक होतो. आणि कोणत्याही लहान विषयात शून्य आले तर तेवढे श्रेयांक जमाच होत नाहीत, मग इतरत्र कितीही उत्तम श्रेणी असो. दोन श्रेयांकांच्या विषयाकडे ‘हा काय विषय आहे’ म्हणून पाहणारा विद्यार्थी पुढे पदवीच्या उंबरठ्यावर अडतो, तो याच कारणाने.

नव्या रचनेत प्रत्येक सत्रात २० ते २२ श्रेयांक मिळवावे लागतात. एका वर्षाचे ४० ते ४४, दोन वर्षांचे ८० ते ८८, तीन वर्षांचे १२० ते १३२ आणि चार वर्षांचे १६० ते १७६, असे हे गणित आहे. परंतु केवळ बेरीज पुरी झाली म्हणजे पदवी पुरी झाली, असे मानू नये. श्रेयांकांचे वेगवेगळे कप्पे आहेत: मुख्य विषय, गौण विषय, अन्य शाखेतील खुले ऐच्छिक विषय, व्यवसाय व कौशल्य विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कार्यानुभव, समाजसेवा व सहशालेय उपक्रम. प्रत्येक कप्पा आपापल्या ठिकाणी भरावा लागतो. मुख्य विषयाचे अधिकचे श्रेयांक भाषेच्या कप्प्यात टाकता येत नाहीत, जसे सुती कापडाचे ठाण जास्त असले म्हणून रेशमाची मागणी पुरी होत नाही. दर सत्राअखेर गुणपत्रिका हाती आली की कप्प्यांची यादी समोर ठेवून ताळा करावा, हा पहिला नियम.

या रचनेचा समाजाच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ म्हणजे मधेच थांबण्याची आणि पुन्हा येण्याची सोय. पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर सन्मान पदवी मिळू शकते. मात्र पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडताना ४ श्रेयांकांचा एक कौशल्य अभ्यासक्रम अधिक पूर्ण करावा लागतो. ही अट माहीत नसल्याने विद्यार्थी नुसताच येणे बंद करतो आणि मिळू शकणारे प्रमाणपत्र गमावतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दिलेल्या आराखड्यानुसार असा विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेऊ शकतो आणि एकूण सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पूर्ण करू शकतो. म्हणजे ज्याला परिस्थितीमुळे दुकानावर यावे लागले, त्याच्यासाठी दार बंद झालेले नाही. पण ते अनंत काळ उघडेही राहणार नाही. थांबावे लागले तर रीतसर अर्ज देऊन थांबावे, आणि परत येण्याची तारीख त्याच दिवशी पंचांगात लिहून ठेवावी.

येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण होते. जैन कुटुंबात जन्मलेल्या आणि स्वतः पदवी न घेतलेल्या या महापुरुषाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र महाराष्ट्राला दिला. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय त्यांच्याच संस्थेचे आहे. १९५९ मध्ये, निधनापूर्वी काही आठवडे, पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी. लिट्. पदवी अर्पण केली. कामातून शिक्षण हा त्यांचा विचार आता श्रेयांकांच्या चौकटीत आला आहे. १२० तासांचा कार्यानुभव म्हणजे ४ श्रेयांक. व्यापारी घरातील मुलाला पेढीवरचे काम नवे नाही. परंतु आधी महाविद्यालयाची मान्यता, नेमलेला मार्गदर्शक, कामाची दैनंदिन नोंद आणि अखेरचा अहवाल यांवाचून त्या कामाचा एकही श्रेयांक जमा होत नाही. घरच्या दुकानातील काम ग्राह्य धरतील की नाही, हेही काम सुरू करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

मिळवलेले श्रेयांक कोठे राहतात? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने शैक्षणिक श्रेयांक बँक सुरू केली. प्रत्येक विद्यार्थ्याचे या बँकेत बारा अंकी क्रमांकाचे खाते असते. पुढे ‘अपार’ या ओळख क्रमांकाशी ते जोडले गेले. या बँकेची रीत मात्र निराळी आहे. खातेदार स्वतः भरणा करू शकत नाही. भरणा करते ते महाविद्यालय किंवा विद्यापीठ. जमा श्रेयांकांची मुदत साधारणतः जास्तीत जास्त सात वर्षे आहे. एकदा एखाद्या पदवीसाठी वापरलेले श्रेयांक खात्यातून नावे पडतात, ते पुन्हा दुसऱ्या पदवीसाठी वापरता येत नाहीत. आणि वेगवेगळ्या संस्थांतून श्रेयांक गोळा केले तरी पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे मिळवलेले असावे लागतात. पेढीचा मुनीम बँकेच्या उताऱ्याशी दरमहा मेळ घालतो. विद्यार्थ्याने निदान दर सत्राला आपल्या खात्याचा मेळ घालावा. सहा महिन्यांत सापडलेली चूक एका अर्जाने दुरुस्त होते, सहा वर्षांनी सापडलेली चूक सहा खिडक्या फिरवते.

या खात्यात समाजाच्या मुलांना एक अडचण वारंवार येते, ती नावाची. शाळेच्या दाखल्यावर गोत्राचे आडनाव असते, आधार पत्रावर नुसते ‘जैन’ असते, आणि गावाकडच्या एखाद्या कागदावर वडिलांचे घरगुती नाव लागलेले असते. संगणकाला हे तिघे तीन वेगळे विद्यार्थी वाटतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव हेच प्रमाण मानून बाकीचे सर्व कागद त्याप्रमाणे करून घ्यावेत, आणि हे काम महाविद्यालयात पाऊल टाकण्यापूर्वी व्हावे. विवाहानंतर नाव बदलणाऱ्या मुलींनी तर पदवी हाती येईपर्यंत शैक्षणिक कागदांवरील नावास हात न लावणे श्रेयस्कर.

दुसरी अडचण बाहेरगावाहून आलेल्यांची. राजस्थान किंवा गुजरात येथील मंडळातून बारावी होऊन आलेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश प्रथम तात्पुरता असतो. मूळ मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र व गुणपत्रिका सादर करून विद्यापीठाकडून पात्रता कायम करून घ्यावी लागते. ते राहिले तर विद्यार्थी तीन वर्षे शिकतो, परीक्षा देतो, आणि निकालाच्या वेळी त्याचा निकाल राखून ठेवला जातो. गावी गेल्यावर एका दिवसात मिळणाऱ्या कागदासाठी नोकरी किंवा पुढील प्रवेश हातचा जाणे, याहून खेदाची गोष्ट कोणती?

तिसरी अडचण राहिलेल्या विषयांची, ज्याला विद्यार्थी ‘केटी’ म्हणतात. अनुत्तीर्ण विषय ठेवून पुढील सत्रात जाता येते म्हणून मुले निर्धास्त होतात. परंतु विद्यापीठाच्या जुन्या सत्रपद्धतीत पहिल्या पाच सत्रांपैकी एकही सत्र अपूर्ण असेल तर सहाव्या सत्राचा निकाल स्थगित राहत असे, आणि नव्या रचनेतही ठरलेले सर्व श्रेयांक जमा झाल्यावाचून पदवी नाही. ‘शेवटचे वर्ष सुटले’ आणि ‘पदवी मिळाली’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पालकांनी पेढे वाटण्यापूर्वी समजून घ्यावे.

निकाल न पटल्यास मार्ग आहेत. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो; दोन्हींना मुदत थोड्या दिवसांची असते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे परीक्षेनंतर शक्यतो ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. कायदा असा असूनही २०१७ मध्ये संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत घाईने आणल्यामुळे मुंबई विद्यापीठाचे निकाल अनेक आठवडे रखडले आणि परदेशी वा परप्रांती प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांची फरफट झाली. अशा वेळी विद्यार्थ्याने एकट्याने खिडकीवर उभे राहण्यापेक्षा महाविद्यालयाच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी जावे. २०२३ च्या नियमांनुसार या समितीने शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो, आणि तेथे समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. तोंडी तक्रारीला पोच नसते. लेखी अर्जाची पोच जपून ठेवावी.

सर्व श्रेयांक पुरे झाले, निकाल लागला, तरी शेवटची पायरी उरते. नियमाप्रमाणे विद्यार्थी पदवीस पात्र होणे अपेक्षित असलेल्या तारखेपासून १८० दिवसांत विद्यापीठाने पदवी द्यावी. पदवीदान समारंभानंतर प्रमाणपत्रे सर्वसाधारणपणे महाविद्यालयांकडे येतात. ती तेथेच कपाटात पडून राहिल्याची उदाहरणे अनेक आहेत, कारण विद्यार्थी गुणपत्रिका घेऊन कामाला लागलेला असतो. पदवी प्रमाणपत्राची प्रत आता शासनाच्या डिजिलॉकरमध्येही ठेवली जाते आणि आयोगाच्या सूचनेनुसार ती ग्राह्य आहे. तरी मूळ कागद घरी आणावाच. परदेशी जाणाऱ्यांना याशिवाय सर्व सत्रांचा प्रमाणित उतारा, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, विद्यापीठातून काढावा लागतो. तेथील मूल्यमापन संस्था अनेकदा तो थेट विद्यापीठाकडूनच मागतात. अमेरिकेतील बॅचलर पदवी साधारणतः चार वर्षांची असल्याने तेथील अनेक विद्यापीठे तीन वर्षांची पदवी अपुरी मानतात. ज्यांना तो मार्ग धरायचा आहे, त्यांनी चौथ्या वर्षाचा विचार तिसऱ्या वर्षातच करावा. संशोधनासह सन्मान पदवीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण लागतात. समाजातील पुष्कळ मुले सनदी लेखापाल होऊ इच्छितात. त्यांनी लक्षात ठेवावे की प्राथमिक परीक्षा टाळून थेट मधल्या टप्प्यावर जाण्यासाठी वाणिज्य पदवीधरास निदान ५५ टक्के आणि इतर शाखांच्या पदवीधरास ६० टक्के लागतात. केवळ उत्तीर्ण होणे तेथे पुरेसे नाही.

मुलींविषयी चार शब्द वेगळे बोलणे आवश्यक आहे. विवाहाची बोलणी करताना दागिने, पाहुणे आणि कार्यालय यांची यादी होते; तीत ‘सहावे सत्र’ ही एक ओळ असावी. विवाह दुसऱ्या शहरात झाला तर श्रेयांक बँकेच्या आधारे तेथील महाविद्यालयात पुढील प्रवेश मागता येतो. दोन्ही संस्थांनी विषयांचे साम्य मान्य करावे लागते, म्हणून जुन्या अभ्यासक्रमाची प्रत सोबत न्यावी. नियमित महाविद्यालय शक्य नसेल तर मुंबई विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण केंद्र आणि १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांचा मार्ग आहे. ज्या सासरने सुनेची पदवी पूर्ण करून घेतली, त्या घराने ज्ञानपंचमीची खरी आराधना केली, असे म्हणण्यास हरकत नसावी.

समाजाच्या संस्थांनी विद्यार्थ्यांना निवारा व शिष्यवृत्ती देण्याची थोर परंपरा निर्माण केली आहे. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने मुंबईत १९१५ मध्ये सुरू झालेले श्री महावीर जैन विद्यालय हे त्याचे ठळक उदाहरण. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या न्यासानेही त्या परंपरेत एक साधी भर घालावी. शिष्यवृत्तीचा धनादेश दिल्यावर काम संपले असे न मानता, दर जून व डिसेंबर महिन्यांत एक रविवार ठरवून उपाश्रयाच्या सभागृहात विद्यार्थ्यांनी गुणपत्रिका, श्रेयांक खात्याचा उतारा आणि पात्रतेचे कागद घेऊन यावे. समाजातील प्राध्यापक, लेखापाल आणि निवृत्त कर्मचारी यांनी दोन तास बसून प्रत्येकाचा मेळ घालून द्यावा. ज्यांचे शिक्षण गेल्या काही वर्षांत तुटले, त्यांची यादी घरोघर जाऊन करावी आणि ज्यांची सात वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे, त्यांना प्रथम बोलवावे. या कामाला फार पैसा लागत नाही. वेळ आणि आस्था लागते.

दिवाळीला वहीपूजन करताना व्यापारी मागील वर्षाची बाकी पुढे ओढतो. कोणतीही रक्कम त्याच्या नजरेतून सुटत नाही. घरातील मुलामुलींच्या विद्येची बाकीही तशीच पुढे ओढली जावी, ती कोठे बुडू नये. येत्या ज्ञानपंचमीला ग्रंथांसोबत प्रत्येक घराने आपल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकाही पाटावर मांडाव्यात, त्यांत काय जमा आहे आणि काय राहिले आहे ते कुटुंबाने एकत्र बसून पाहावे, आणि राहिलेले पूर्ण करण्याचा संकल्प त्याच पाटासमोर करावा, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.